मुंबईच्या जहाजाला सापडलेला ड्रॅगन

बावधनमधून वाहणारी राम नदी पाषाणच्या तलावातून पुढे जाऊन मुळेला मिळते. मग मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. सह्याद्री ओलांडला की अरबी समुद्र, पण आमचा ओघ पूर्वेचा. त्याच उपसागरात १८८९-९० च्या हंगामात खोल पाण्यातला एक छोटा मासा जाळ्यात आला. त्याची कुळकथा मात्र मुंबईच्या गोदीपासून सांगावी लागते.

वाडिया घराण्याने नावारूपाला आणलेल्या या गोदीत १८८१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे पाणी ढकलणाऱ्या चाकांवर चालणारं वाफेचं जहाज बांधलं गेलं. काम होतं सागरी सर्वेक्षणाचं: खोली मोजायची, किनाऱ्यांचे नकाशे करायचे. त्यावर वैद्यकीय अधिकारी म्हणून जो डॉक्टर असे, तोच निसर्ग-अभ्यासकही. १८८८ मध्ये ही जागा आल्फ्रेड आल्कॉककडे आली. खोल समुद्रात सोडलेल्या जाळ्यातून जे येईल ते तो तपासत गेला आणि त्यातून भारतीय खोल समुद्राच्या प्राणिविज्ञानाचा पाया घातला गेला. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात हे जीव का येत नव्हते, हे उघड आहे. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन फार रुंद आणि उथळ. डोल जाळ्यात बोंबील येतो, हजार मीटर खालचा प्राणी येत नाही.

आल्कॉकने १८९० मध्ये या माशाला थॉमास्टोमियास आट्रॉक्स असं नाव दिलं. आट्रॉक्स म्हणजे क्रूर, भयंकर. प्रत्यक्षात हा मासा वीतभरसुद्धा लांब नाही.

भयंकर आहे तो जबडा. खालचा जबडा कवटीपेक्षा लांब, आणि त्याच्या दोन हाडांमध्ये तळच नाही. आपल्या हनुवटीखाली कातडी असते, तिथे याला मोकळी जागा. जबड्याच्या टोकापासून मागे जाणारा स्नायूचा एक बारीक पट्टा, एवढंच. उंदराच्या सापळ्याची कमान झटक्यात मिटते, कारण तिला हवेचा अडथळा होत नाही. इथे पाण्याचा फारसा होत नाही. खोल समुद्रात भक्ष्य क्वचित समोर येतं, तेव्हा पहिला घाव चुकून चालत नाही. मला तर या साऱ्या शरीरात क्रौर्यापेक्षा टंचाईच दिसते.

ड्रॅगनमाशांच्या त्याच्या भावकीतल्या इतरांकडे पाहिलं की हे आणखी पटतं. काहींत डोक्यामागच्या पहिल्या मणक्यांचं हाडच झालेलं नसतं. तिथे लवचिक पृष्ठरज्जू असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं, की त्यामुळे डोकं मागे उलटतं आणि तोंड १२० अंशांपर्यंत उघडतं. अ‍ॅरिस्टोस्टोमियासचे दात पारदर्शक असतात. २०१९ च्या संशोधनानुसार त्यांतले खनिजकण इतके सूक्ष्म, की प्रकाश विखुरतच नाही. दात अंधारात चमकून भक्ष्याला सावध करत नाहीत.

सगळ्यांत थोर कथा मॅलॅकोस्टियसची. पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो, म्हणून खोलवरच्या बहुतेक प्राण्यांना तो दिसतच नाही. या माशाच्या डोळ्याखाली लाल दिवा आहे. स्वतःला तो लाल कसा दिसतो? १९९८ मध्ये रॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच्या दृष्टिपटलात हरितद्रव्यापासून बनलेला एक पदार्थ असतो. तोच लाल किरण पकडतो. प्राण्यांना हरितद्रव्य बनवता येत नाही, म्हणजे ते अन्नातून, बहुधा बारीक कवचधारी जीवांमार्फत आलेलं असणार. जिथे ऊन पोचत नाही तिथे उन्हाच्या आधाराने जगणाऱ्या जीवांचं द्रव्य डोळ्यात वापरलं जातं, याहून विलक्षण मला प्राणिसृष्टीत फारसं काही माहीत नाही.

आट्रॉक्सकडे लाल दिवा नाही. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश देणारा एक अवयव आहे. या वंशात तो नरांत मोठा असतो. शिवाय अंगावर बारीक प्रकाशबिंदूंच्या ओळी असतात.

नावाचं पुढे काय झालं? आल्कॉकच्या वर्षभर आधी, १८८९ मध्ये, नॉर्वेच्या रॉबर्ट कॉलेटने याच वंशातल्या माशासाठी फोटोस्टोमियास हे नाव छापलं होतं. आधी छापलेलं नाव ग्राह्य, हा प्राणिशास्त्राचा नियम. म्हणून थॉमास्टोमियास बाद झालं. पुढे आट्रॉक्स ही जातच कॉलेटच्या जातीत धरली गेली. क्रिस्टोफर केनली यांनी २००९ मध्ये इंडो-पॅसिफिकमधल्या या वंशाची नव्याने छाननी केली, तेव्हा तिला स्वतंत्र स्थान परत मिळालं. आज ती फोटोस्टोमियास आट्रॉक्स (आल्कॉक, १८९०) अशी लिहितात. वंश बदलला की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं.

त्या कंसात जहाजाचं नाव मावत नाही. मुंबईच्या इतिहासात गोदीबद्दल लिहिताना तिथे बांधलेल्या युद्धनौकांच्या शेजारी ‘इन्व्हेस्टिगेटर’लाही जागा द्यायला हवी.