दिवेलागणीचा हिशेब

पांझरेकाठच्या पिंपळनेर येथे एका घराच्या अंगणातील दिवे सूर्यास्ताला आपोआप लागावेत व सूर्योदयाला विझावेत, अशी संगणकीय आज्ञावली आम्ही बसवली. पहिल्याच दिवशी दिवे ऊन असतानाच लागले आणि पहाटे काळोखातच विझले. दोन्ही वेळा सुमारे तासभर आधी! घड्याळ बरोबर होते, तारा व बटणेही ठीक होती. मग चूक कोठे?

दोन्ही वेळा एकाच दिशेने व जवळजवळ सारख्याच सरकल्या होत्या. दिनमान चुकले असते, तर एक वेळ अलीकडे आणि दुसरी पलीकडे गेली असती. म्हणजे चूक रेखांशाची होती. भारतीय प्रमाणवेळ संगणकात कोलकात्याच्या नावाने नोंदलेली असते. त्यावरून आम्ही ठिकाणही कोलकाता असेच भरले होते. ते पिंपळनेरच्या पूर्वेस सुमारे सव्वाचौदा अंशांवर आहे. दर अंशाला ४ मिनिटे धरली, की ५७ मिनिटांचा फरक पडतो.

हा हिशेब खानदेशाला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याविषयीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. गणिताने आलेली ग्रहस्थिती आपल्या गावच्या सूर्योदयाशी जुळवण्यासाठी या परंपरेत चार संस्कार आहेत : रेखांशासाठी देशांतर, अक्षांश व ऋतूसाठी चर, सूर्याच्या असमान गतीसाठी भुजांतर आणि क्रांतिवृत्ताच्या तिरपेपणासाठी उदयांतर. देशांतर तेव्हा उज्जयिनीच्या रेखेपासून मोजत. १९०६ मध्ये स्वीकारलेली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. रेखा बदलली, रीत तीच राहिली.

ठिकाण दुरुस्त करताच आमचे दिवे वेळेवर लागू लागले. मात्र एका दिवसाची वेळ पाहून तीच कायमची ठरवली, तर उरलेले तीन संस्कार पुन्हा घोटाळा करतील. आपल्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त २२ डिसेंबरला नव्हे, तर नोव्हेंबरच्या अखेरीस होतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास. विद्यार्थ्यांकडून पंचांगातील या वेळांचा आलेख काढून घ्यावा. भुजांतर आणि उदयांतर त्यांना कागदावरच दिसतील.