हलक्या ट्रिगरची कुळकथा

पिस्तुलाचा कारखान्यातून आलेला ट्रिगर काढायचा आणि हलका बसवायचा, हे वेड स्पर्धांमुळे फोफावलं. पण हलक्या ट्रिगरचा सोस त्याहून जुना. ११ जुलै १८०४ रोजी न्यू जर्सीतल्या वीहॉकन इथे अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष आरन बर यांनी द्वंद्वयुद्धात राजकीय प्रतिस्पर्धी अलेक्झांडर हॅमिल्टनना गोळी घातली. पिस्तुलं लंडनच्या वॉग्डन यांनी घडवलेली. १९७६ मध्ये प्रतिकृती करण्यासाठी ती उघडली, तेव्हा आत छुपी रचना सापडली. ट्रिगर आधी जरा पुढे ढकलून ठेवला की नंतर बोट टेकताच बार उडायचा. सभ्य गृहस्थांच्या मानापमानाचे निकाल अशा यंत्रांनी लागत! हॅमिल्टननी मात्र त्या दिवशी ही सोय नाकारली, असं त्यांच्या साक्षीदाराने नंतर सांगितलं.

पुढे द्वंद्वं संपली, निशाणं कागदाची झाली. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेलं जॉन ब्राउनिंगचं .४५ पिस्तूल नेमबाजांच्या हाती आलं आणि त्याचे आतले भाग घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिरांचा धंदा उभा राहिला. काम हाताचं, त्यामुळे एकाचा ट्रिगर दुसऱ्यासारखा लागेलच असं नाही.

ही मक्तेदारी मोडली ती ग्लॉकमुळे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या या पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो, शिपायाच्या बेताचा. त्यात कनेक्टर नावाची वाकवलेली पोलादी पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्या वाकाचा कोन बदलला की ओढ बदलते. १९८८ च्या लांब नळीच्या १७एल या स्पर्धेच्या मॉडेलात कंपनीने हलका कनेक्टर घातला आणि तो साडेतीन पौंडांचा असल्याचं सांगितलं. तोच कनेक्टर पुढे साडेचार पौंडांचा म्हणून विकला गेला, यावरून जाहिरातीतल्या आकड्यांवर किती विसंबायचं ते कळावं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या राज्य आणि शहर पोलिसांना नेमकं उलटं हवं होतं. घाबरलेल्या बोटाने चुकून गोळी सुटू नये म्हणून त्यांच्यासाठी स्प्रिंग बदलून ट्रिगर जड केला. शहर पोलिसांचा तर सुमारे बारा पौंडांवर गेला. सुटा भाग बदलून स्वभाव बदलतो, हे एकदा कळल्यावर इतर कारखानदार मागे कशाला राहतील?

जाणकार मात्र नुसत्या वजनाला भुलत नाहीत. आधीची सैल चाल, मग बोटाला लागणारी भिंत, ती न रेंगाळता तुटणं, आणि ट्रिगर सोडताना पुन्हा बसल्याची बारीक टिचकी: पैसे या चार गोष्टींचे मोजले जातात. माझ्या मते तेच रास्त आहे. अतिहलका ट्रिगर नवख्याला सावध करण्याऐवजी उतावीळ करतो.

ऑलिंपिकच्या नेमबाजीत वजनाला नियमाची वेसण आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, पंचवीस मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात. ते उचललं गेलं पाहिजे, नाहीतर पिस्तूल बाद. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण जिंकलं ते या हजार ग्रॅमच्या प्रकारात. पन्नास मीटर पिस्तुलाला मात्र वजनाची खालची मर्यादाच नव्हती. हा प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला.