परवाना देवाचा, वाट जिभेची

जपानला जायचे ठरवलेल्या मराठी कुटुंबाच्या हातातली यादी बहुतेक सारखीच असते: तोक्यो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका. तोक्योत आसाकुसाच्या देवळासमोरच्या गल्लीतला खाऊ, क्योतोत निशिकी बाजाराची फेरी, ओसाकाला दोतोनबोरीच्या कालव्याकाठी उभ्या उभ्या खाल्लेली ताकोयाकी. पर्यटन व्यवसायात या मार्गाला ‘गोल्डन रूट’ म्हणतात, आणि तो अलीकडच्या जाहिरातबाजीतून रूढ झाला असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात ही वाट तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) पडली आणि पायी चालणाऱ्यांनी ती मळवली. देवळे पाहायची, नामांकित जागा पाहायच्या, प्रत्येक मुक्कामी तिथला पदार्थ खायचा आणि या सगळ्याची आखणी पुस्तके चाळून आधीच करायची, ही रीत तेव्हाच घट्ट झाली. गंमत अशी, की त्या राजवटीला प्रजेने गावाबाहेर हिंडावे असे मुळीच वाटत नव्हते. माझे म्हणणे असे, की जपानची खाद्यभ्रमंती घडवण्यात स्वातंत्र्याइतकाच बंदीचाही हात आहे. प्रवासाची बाकी दारे लावून घेऊन सरकारने देवाचे एक दार उघडे ठेवले, आणि लोकांची सगळी हौस त्याच दाराने बाहेर पडली.

मुळात रस्ते बांधले गेले ते सत्तेसाठी. सरदारांनी, म्हणजे दाइम्योंनी, आळीपाळीने एदोत येऊन राहावे आणि त्यांची बायकामुले कायम तिथेच ओलीस असावीत, हा नियम १६३५ मध्ये पक्का झाला. एदो म्हणजे आजचे तोक्यो. शेकडो माणसांच्या लवाजम्यासह सरदार ये-जा करू लागले, तेव्हा त्यांना उतरायला जागा, ओझी वाहायला घोडे आणि हमाल, जेवायला खानावळी लागल्या. एदो ते क्योतो या सुमारे ४९० किलोमीटरच्या तोकाइदो मार्गावर असे ५३ मुक्काम होते. डच व्यापाऱ्यांबरोबर आलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर १६९१ आणि १६९२ साली या रस्त्याने गेला. युरोपातल्या भरगच्च शहरांच्या रस्त्यांवरही नसेल एवढी गर्दी इथे काही दिवशी असते, असे त्याने नोंदवून ठेवले. ही गर्दी सरदारांची तर होतीच, पण त्यांच्यासाठी उभारलेल्या सोयी वर्षभर चालत्या ठेवायच्या तर साधे गिऱ्हाईकही हवे होते. ते गिऱ्हाईक यात्रेकरूंच्या रूपाने आले.

सामान्य माणसाला गाव सोडायचे तर कागद लागे. गावचा मुखिया किंवा तो ज्या देवळाचा असेल तिथला पुजारी हा कागद लिहून देई. मजकूर ठरावीक असे: हा माणूस आमच्या गावचा, अमुक देवाच्या दर्शनाला निघाला आहे, त्याला नाक्यावरून जाऊ द्यावे, वाटेत रात्र झाली तर आसरा द्यावा. आणि शेवटी बहुधा आणखी एक ओळ असे, की हा वाटेत मेला तर तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याला मूठमाती द्या, आम्हाला मुद्दाम कळवण्याची गरज नाही. कागदावर कारण सहसा दोनपैकी एक: देवदर्शन, नाहीतर औषधी झऱ्यावर उपचार. हिंडायला, पाहायला, खायला चाललो आहे, असे लिहून कुणी परवाना मागत नसे. साहजिकच ज्याला जग पाहायचे होते, तो देवाला निघाला. त्यातही इसे येथील सूर्यदेवी आमातेरासूचे मंदिर सगळ्यांत वरचे. तिथल्या दर्शनाला नाही म्हणणे गावच्या मुखियालाच काय, सरकारलाही जड जाई.

पैशाची सोयही देवाच्याच नावाने झाली. गावोगावी ‘इसे-को’ नावाची मंडळे होती. आपल्याकडच्या भिशीसारखाच हिशेब. सगळ्यांनी दरवर्षी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्यांची नावे निघतील त्यांनी सर्वांच्या वतीने इसेला जाऊन यायचे. शिवाय निघताना शेजारीपाजारी हातावर वाटखर्चीचे पैसे ठेवत, त्याची नोंद राही, आणि परतताना प्रत्येकासाठी काहीतरी आणावे लागे. दुसऱ्या टोकाला ‘ओन्शी’ होते: नावाला इसेचे पुजारी, कामाने चोख प्रवासी दलाल. हे लोक किंवा त्यांचे कारभारी देशभर ठरलेल्या गावांत फिरत, ताईत आणि पंचांगे वाटत, यजमान बांधून ठेवत. यजमान इसेला पोहोचला की त्याला स्वतःच्या मोठ्या वाड्यात उतरवून घेत, देवीपुढे नृत्य करवत आणि मासे, आबालोनी शिंपले, साके यांनी भरलेली ताटे पुढे मांडत. घरी भरडधान्यावर दिवस काढणाऱ्या शेतकऱ्याला असे जेवण जन्मात एकदा मिळे. आजचे पॅकेज, म्हणजे आगाऊ हप्ते, ठरलेला एजंट, राहणे-जेवण-दर्शन एकत्र, या व्यवस्थेत पूर्ण तयार होते.

यावर कुणी म्हणेल, की ही श्रद्धा होती, तिला पर्यटन म्हणणे म्हणजे आजचा चष्मा जुन्या माणसांच्या डोळ्यांवर चढवणे. आक्षेप वजनदार आहे. १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षी तर इसेकडे माणसांचा लोटच लागला. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोक गेले, असे त्या काळच्या नोंदी सांगतात, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे तीन कोटी होती. धन्याला न विचारता नोकर निघाले, आईबापांना न सांगता मुले निघाली, वाटेतल्या लोकांनी त्यांना जेवू घातले. हे सगळे केवळ मौजेसाठी झाले असे म्हणता येणार नाही. पण यात्रेकरूंची रोजखर्चाची टिपणे पाहिली, की श्रद्धा आणि हौस असे दोन कप्पे त्यांनी केले नव्हते हे दिसते. एदोहून इसे एका बाजूला साधारण पंधरा दिवसांची वाट. ईशान्येकडचे शेतकरी मात्र पिके काढून झाल्यावर निघत आणि दोन-तीन महिने हिंडत. इसे झाले की नारा, क्योतो, ओसाका. जमले तर समुद्र ओलांडून कोन्पिराचे देवस्थान. परतताना डोंगरातल्या वाटेने झेन्कोजीचे देऊळ. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी. निव्वळ दर्शनच हवे असते तर आले त्या रस्त्याने परत जाणे सोपे होते.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो मात्र खोडता येत नाही. हाकोनेच्या नाक्यावर एदोबाहेर जाणाऱ्या स्त्रियांची कसून झडती होई, कारण ओलीस ठेवलेली एखादी सरदारपत्नी निसटेल ही धास्ती. स्त्रीच्या परवान्यात तिचे वर्णन लिहिलेले असे आणि नाक्यावर ते पडताळून पाहण्यासाठी बायका नेमलेल्या असत. तरीही स्त्रिया गेल्या, काहींनी प्रवासवर्णने लिहिली, कित्येकींनी नाके टाळून आडवाटा धरल्या. उघडे ठेवलेले दार सगळ्यांसाठी सारखे रुंद नव्हते, एवढे मान्य करूनच पुढे जावे लागते.

एवढी माणसे एका वाटेने चालू लागल्यावर त्यांना वाट सांगणारी पुस्तके निघणारच. १७८० मध्ये आकिसातो रितोचे क्योतोच्या नामांकित स्थळांवरचे सचित्र पुस्तक आले आणि ते इतके खपले, की तशा ग्रंथांची रांग लागली. १७९७ मध्ये तोकाइदोवरचे आणि इसेयात्रेवरचे अशी दोन्ही सचित्र पुस्तके निघाली. पण माझ्या मते त्या काळच्या प्रवाशाचा खरा स्वभाव यासुमी रोआनच्या १८१० सालच्या छोट्या पुस्तकात दिसतो. त्यात प्रवाशासाठी ६१ सूचना आहेत. मुक्कामी पोहोचल्यावर आधी दिशा समजून घ्या, मग घराची रचना, संडास कुठे आणि पुढची-मागची दारे कुठे ते पाहून ठेवा. आग लागली किंवा चोर आले तर उपयोग होईल. भूक लागली म्हणून पोट तुडुंब भरू नका. हा सल्ला नवख्यांना दिलेला आहे. म्हणजे पहिल्यांदाच घर सोडणारी, पण वाचता येणारी माणसे पुस्तक विकत घेण्याइतकी मोठ्या संख्येने होती. भरवशाच्या सरायांचाही प्रश्न होता. एकट्या प्रवाशाला त्रास, फसवणूक, वेश्याव्यवसाय यांची कटकट नको म्हणून १८०४ मध्ये ओसाकात ‘नानिवा-को’ ही संघटना निघाली. तिने सराया पारखून घेतल्या, त्यांच्या दारावर पाट्या लावल्या आणि सभासद प्रवाशांना ओळखपट्टी दिली. जुगार खेळणाऱ्याला, गोंधळ घालणाऱ्याला तिथे जागा नसे.

आता खाण्याकडे येऊ. तोकाइदोवरच्या प्रत्येक मुक्कामाला वाटसरू थांबवायचा होता, कारण तो पुढच्या गावी जाऊन राहिला तर धंदा बुडाला. त्या चढाओढीतून गावागणिक ठरलेला पदार्थ आला. मारिकोला तोरोरो-जिरू: डोंगरी कंद किसून, मिसोच्या सारात घोटून, जवाच्या भातावर ओतलेला. कुवानाला पाइनच्या बोंडांवर भाजलेले शिंपले. इसेला उदोनच्या जाड, मऊसूत शेवया आणि वर काळसर रस. लांबून चालत आलेल्याला पचायला हलके आणि वाढायला झटपट, म्हणून ते असे झाले, असे तिथे सांगतात. हिरोशिगेने १८३३च्या सुमारास ५३ मुक्कामांची चित्रमालिका काढली, त्यात मारिकोच्या चित्राचा विषयच मुळी खानावळ आहे: गवताने शाकारलेली टपरी, बाहेर पदार्थाच्या नावाची पाटी, बाकावर बसून जेवणारे दोन वाटसरू आणि पाठीशी मूल बांधलेली बाई. जिप्पेन्शा इक्कूच्या १८०२ पासून निघालेल्या विनोदी मालिकेतले याजी आणि किता हे दोघे इसेच्याच यात्रेला निघतात, पण वाटभर खातात आणि फजीत होतात. चालत जाणाऱ्याला भाजलेला शिंपला किंवा कंदाचे सार घरी नेता येत नसे, तिथेच खावे लागे. घरी जात ते ताईत, पंचांग अशा हलक्या वस्तू. त्यामुळे पदार्थ गावाला चिकटला, आणि तो खाणे हा तिथे जाऊन आल्याचा पुरावा झाला.

इथे जाणकार हरकत घेतील, की रस्त्यावरच्या खाण्याचे खरे माहेर वाटेवरची गावे नव्हेत, एदो शहर आहे. आणि तिथल्या गाड्या प्रवाशांसाठी नव्हत्या, मजुरांसाठी होत्या. हे खरे आहे. १६५७च्या भीषण आगीत एदोचा मोठा भाग जळाला, पुन्हा बांधकामासाठी सुतार, गवंडी, हमाल लोटले. १७२१च्या मोजणीत शहरात सुमारे पाच लाख सामान्य नागरिक होते. त्यात पुरुष तीन लाखांहून अधिक, स्त्रिया दोन लाखांहून कमी. एकट्या पुरुषांच्या या शहराला शिजवलेले अन्न दारात हवे होते. आगीच्या भीतीने रात्री विस्तव घेऊन फिरणाऱ्या सोबा-उदोनवाल्यांवर १६८६ मध्ये बंदी आली, पण विक्रेते हटले नाहीत. तेंपुरा तर आगीच्याच धास्तीने घराबाहेर, गाडीवर तळली जाई आणि काडीला टोचून खाल्ली जाई. हाताने वळलेली निगिरी सुशी १८२०च्या दशकात आली, आजच्यापेक्षा आकाराने बरीच मोठी. कितागावा मोरिसादाने १८३७ पासून लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे, की रात्री वर्दळ असलेल्या भागात दर वस्तीत सुशी-तेंपुऱ्याच्या तीन-चार गाड्या असत. तरीही शहरी गाडी आणि यात्रेची वाट यांची भेट देवळाच्या दारातच झाली. १६५७च्या आगीनंतर आसाकुसाजवळ चहात शिजवलेला भात, तोफूचे सार आणि उसळ असे जेवण देणारी दुकाने निघाली, ती एदोतल्या पहिल्या खानावळींत गणली जातात. देवळासमोरची नाकामिसे ही दुकानांची रांग तर आवार झाडण्याचे काम करणाऱ्या शेजाऱ्यांना मोबदल्यात मिळालेल्या विक्रीच्या हक्कातून उभी राहिली. भाविक, मजूर आणि परगावचा पाहुणा तिथे एकाच गाडीवर खात.

शेवटचा आक्षेप असा, की ही परंपरा मध्येच तुटली. १८६९ मध्ये नाके उठले, १८७१ मध्ये ओन्शींची प्रथा सरकारने बंद केली, १८८९ मध्ये तोक्यो ते कोबे रेल्वे पूर्ण झाली आणि पायवाटेवरचे मुक्काम ओस पडले. सुशीच्या गाड्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या आरोग्यनियमांत संपल्या. ओसाकाची ताकोयाकी १९३५ची. म्हणजे आज पर्यटक जे खातो त्यातले बरेचसे नवे आहे. मान्य, पण मी पदार्थांच्या वयाविषयी बोलत नाही, मांडणीविषयी बोलतो आहे. रेल्वे तोकाइदोलगतच गेली, १९६४ मध्ये सुरू झालेल्या बुलेट ट्रेनने नावही तोकाइदोचेच घेतले, आणि तोक्यो ते ओसाका ही पंधरवड्याची वाट आता अडीच तासांवर आली आहे. मिठाई घरी नेता येऊ लागली, तेव्हा स्टेशनागणिक वेगळा खाऊ विकू लागला. इसेच्या देवळाबाहेर १९९३ मध्ये जुन्या वळणाची खाऊगल्ली नव्याने बांधली गेली, तिला नाव दिले तेही जुन्या महायात्रांवरूनच.

याचा उपयोग आज आखणी करणाऱ्याला होतो. आपण सहसा वहीत दोन रकाने पाडतो, एक पाहण्याचा आणि एक खाण्याचा, आणि मग दोन्ही बसवताना धावपळ होते. जपानमध्ये हे दोन रकाने इतिहासानेच एक केले आहेत. देऊळ धरले की त्याच्या दारातला पदार्थ आपोआप हाती लागतो. इसेचे तर बाहेरचे मंदिरच अन्नदेवी तोयोउकेचे आहे. तिथे देवांना रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य दाखवला जातो, आणि रीतीप्रमाणे आमातेरासूच्या आधी तिचे दर्शन घ्यायचे असते. तरीही आजच्या ठरावीक सहलीत इसे बहुधा नसते. ज्या ठिकाणासाठी ही सगळी वाट मळली, तेच यादीतून गळले आहे. नागोयाहून रेल्वेने साधारण दीड तासावर असलेल्या या गावाला एक दिवस दिला, आणि त्यासाठी ओसाकातली खरेदी थोडी कमी केली, तर सहलीचा मूळ हेतू तरी पुरा होईल.