एकशे सत्तावीस दाते

माणच्या आमच्या घरात, देवळीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत एक दातेरी चाक आहे. ओतीव लोखंडाचं, ताटाएवढं. दाते मोजले तर बरोबर १२७ भरतात. घरात कुणाला त्याचा उपयोग नाही. सुनबाईनं दोनदा भंगारात घालायला काढलं, दोन्ही वेळा मी परत आणून ठेवलं. ते का ठेवलंय, हे सांगायचं तर एका जुन्या मोटारीपासून सुरुवात करावी लागेल.

साल १९८४. माण म्हणजे तेव्हा भातखाचरांचं गाव. हिंजवडीवरून सायकल मारत मी चिंचवडला कारखान्यात जायचो. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो होतो, त्यामुळं गावात इंजिन अडलं की निरोप मला. त्या वर्षी आमच्या शिवाराला लागून असलेलं शेतघर एका निवृत्त लष्करी साहेबांनी भाड्यानं घेतलं. सामानाबरोबर ट्रकमागं दोरानं ओढत एक मोटार आली. दोन माणसांची, बिनछपराची, पुढं लांबलचक बॉनेट, चाकांवर बैलाच्या वशिंडासारखे उठलेले मडगार्ड. एम.जी. कंपनीची टी.डी., १९५२ सालची. साहेबांनी तरुणपणी मुंबईत कुणा परत निघालेल्या गोऱ्याकडून घेतलेली. गोठ्यात उभी केली तेव्हा आमची आई म्हणाली, "हिला दूध किती म्हणायचं?"

गाडी सहा वर्षं बंद होती. साहेब म्हणाले, "तू फिटर ना? बघ हिच्यात जीव आहे का."

अशा गाड्या भारतात तशाही थोड्याच. टी.डी. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत बनली, एकूण तीस हजारांच्या आतच, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इकडं १९५३ साली टॅरिफ कमिशननं शिफारस केली, की ज्यांना इथंच मोटारी बनवायच्या आहेत त्यांनीच धंद्यात राहावं. सरकारनं ती मानली. जनरल मोटर्स, फोर्ड यांनी इथलं जुळणीचं काम गुंडाळलं. देशाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. त्या धोरणाच्या आसऱ्यानंच पुढं आकुर्डी, पिंपरी, भोसरी उभी राहिली आणि माझ्यासारख्याच्या घरात पगार आला. पण ज्याच्या दारात परदेशी गाडी होती, त्याला सुटा भाग मिळायची वाट बंद झाली. नाना पेठेत फियाट, अँबॅसिडर, जीप यांचं सगळं मिळे. एम.जी.चं नाव काढलं की दुकानदार गल्ल्यावरून मानही वर करत नसे. मग बुधवारी-रविवारी जुना बाजार, नाहीतर मुंबईचा चोर बाजार. तिथं वस्तू मिळते, पण आपल्याला हवी ती मिळेलच असं नाही.

पहिलं दुखणं पेट्रोलचं. हिचा पंप विजेवर चालणारा, एसयूचा. चावी फिरवली की टिक-टिक वाजत कार्ब्युरेटरच्या वाट्या भरतो आणि भरल्या की गप्प बसतो. वाजतच राहिला तर समजायचं टाकी रिकामी, नाहीतर नळी हवा खातेय. वाजलाच नाही, तर आतले पॉइंट काळे पडलेत. आमचा मुका होता. पॉइंट बारीक पॉलिश कागदानं घासले आणि गोठ्यात टिक-टिक सुरू झाली.

इंजिन चालू झालं, पण ऑइलचा काटा शून्यावरून हलेना. लगेच बंद केलं. पंप खोलला, दाते ठणठणीत. पुन्हा लावला, पुन्हा शून्य. दोन दिवस डोकं खाजवलं. आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्याच्या दारात तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "हिरीवरचं इंजान उन्हाळ्यात बंद पडल्याव काय करतूस रं?"

"पंपात पाणी भरतो."

"मंग?"

मला माझीच लाज वाटली. या इंजिनाचा ऑइल पंप बाहेरच्या अंगाला, तेलाच्या पातळीच्या वर बसवलेला. गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं आणि पंप हवा धरतो. वरचं बूच काढून तेल ओतलं, हँडल मारलं, काटा उठला. ज्यानं आयुष्यात मोटारीचं दार उघडलं नव्हतं त्यानं दुखणं ओळखलं, आणि मी सर्टिफिकेट घेऊन चाचपडत होतो.

इथवर कौतुकाचं झालं. पुढचं सांगायला आजही जड जातं.

ऑइल चेंबरचे काही बोल्ट झिजले होते, तेल ठिबकत होतं. साहेबांच्या पेटीतले व्हिटवर्थ मापाचे पाने बोल्टांच्या डोक्यांवर चपखल बसत. विलायती गाडी, विलायती पाना. म्हणजे आटेही विलायती इंचांतले, हे मी धरून चाललो. जुन्या बाजारातून आणलेल्या डब्यात जीपचे अडीच सूत बोल्ट होते. एक लावला. चार-पाच आटे हातानं गेला. मग जड झाला. जुना रंग अडकला असेल म्हणून मी पाना लांब धरला आणि जोर लावला. आधी तो घट्ट झाला, आणि मग एकदम सैल. लोण्यात फिरावा तसा. ब्लॉकमधले आटे गेले होते.

मिळत नसलेल्या गाडीचा न मिळणारा ब्लॉक. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. अरल्डाइट कालवलं, बोल्ट चिकटवला, तेलकट चिंधीनं पुसून घेतला आणि साहेबांना म्हणालो, "झालं."

आठ दिवस मी त्या बांधावरून गेलो नाही. रविवारी साहेब स्वतः आमच्या ओट्यावर आले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तेल अजून गळतंय. उद्या बाईसाहेबांना घेऊन लोणावळ्याला जायचा विचार आहे. जाऊ ना?" चेंबर वाटेत रिकामं झालं असतं तर इंजिन जाम झालं असतं, कदाचित घाटात. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं आज सांगितलंस. आता दुरुस्त कसं करायचं ते बघ."

भोसरीत एक म्हातारे टर्नर होते, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी चांगला उरलेला एक बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी आट्यांवर गेजच्या पट्ट्या एकेक लावून पाहिल्या. इंचाची एकही बसेना. मग मिलिमीटरची काढली. "आठचा हाय, एकच्या पिचचा. डोकं इंग्रजाचं आन् धड दुसऱ्याच कुणाचं तरी."

धड कुणाचं, ते मला फार पुढं वाचून कळलं. पहिल्या महायुद्धात पॅरिस शत्रूच्या हाती पडेल या धास्तीनं हॉचकिस या फ्रेंच कंपनीनं १९१५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मशिनगनचा कारखाना काढला. युद्ध संपलं, बंदुकांचं काम थांबलं, आणि त्याच कारखान्यात विल्यम मॉरिसच्या मोटारींची इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसनं कारखानाच विकत घेतला. यंत्रं मात्र फ्रेंच, मिलिमीटरची. ती बदलण्याचा खर्च मोठा, म्हणून आटे मिलिमीटरचेच ठेवले; आणि इंग्रज मेकॅनिकच्या पेटीतला पाना लागावा म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची केली. त्याच घराण्यातलं हे १२५० सी.सी.चं इंजिन. जीपच्या अडीच सूत बोल्टाच्या दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलिमीटर, आणि हिचं बरोबर १. फरक केसाएवढा. म्हणून तर तो चार-पाच आटे गेला आणि मला फसवून गेला. खरं म्हणजे त्यानं फसवलं नाही. तो जड झाला होता, मीच ऐकलं नाही.

मिस्त्रींची लेथ जुनी विलायती, तिचा लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा. अशा लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एक खास चाक लागतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पाचानं गुणलं की १२७ हा पूर्ण आकडा येतो. त्याच्या आतला कुठलाच आकडा हे गणित बरोबर सोडवत नाही. वीस दात्यांचं चाक एकशे सत्तावीसच्या चाकाला फिरवू लागलं की लेथ बरोबर एक मिलिमीटरचा आटा कापते. मिस्त्रींनी बाकाखालून गंजलेलं चाक काढलं, रॉकेलनं धुतलं आणि चढवलं. सिल्व्हर स्टीलच्या गजाचा आधी टॅप केला, भट्टीत लाल करून तेलात बुडवला. मग बोल्ट कापले, डोकी व्हिटवर्थ मापाचीच ठेवली. मी म्हणालो, "आता तेरा-चौदाचं डोकं करा की." ते म्हणाले, "साह्यबाच्या पेटीत पाना कुठलाय? मंग?"

दुसऱ्या रविवारी ते एस.टी.नं माणला आले. चेंबर उतरवलं, गोठ्यातल्या खड्ड्यात उताणं पडून हातड्रिलनं गेलेलं भोक मोठं केलं, त्यात आट्यांची बुश बसवली आणि आतून नवा आटा पाडला. मी बॅटरी धरून होतो. बोल्ट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला. पैसे घेईनात. आईनं पायलीभर आंबेमोहोर बांधून दिला, तो मात्र घेतला. साहेब आणि बाईसाहेब लोणावळ्याला जाऊन आले. येताना आमच्यासाठी चिक्की आणली.

नव्वदच्या दशकात हिंजवडी-माणच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. शेतघर गेलं, आमची दोन खाचरं गेली. त्याआधीच साहेब वारले होते आणि गाडी मुलांनी विकली. भोसरीत संगणकावर चालणाऱ्या लेथ आल्या. त्यांना इंच आणि मिलिमीटर सारखेच, नुसता आकडा घालायचा. मिस्त्रींनी काम बंद केलं तेव्हा मला बोलावून चाक दिलं. म्हणाले, "तुझ्या चुकीपायी शेवटचं फिरलं हे. तूच ठेव."

आता ते इंग्रजी डोक्याचे फ्रेंच बोल्ट इंग्लंडातून घरपोच मागवता येतात. एम.जी.चं नाव चिनी कंपनीकडं गेलं, आणि २०१९ पासून त्या नावाच्या नव्या गाड्या भारतात विकल्या जातात. आमच्या दारावरून त्या आयटी पार्ककडं जातात. नातवानं परवा सायकलचा नट आवळताना पान्यावर पाय दिला. मी त्याला थांबवलं, नट उलटा फिरवायला लावला आणि म्हणालो, "हातानं जातोय का बघ आधी." त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. पेटीतलं चाक मात्र त्याच संध्याकाळी मी त्याला दाखवलं आणि दाते मोजायला बसवलं.