नकार नाही, उत्तरही नाही: पॅलेस्टिनी परवान्याचा इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धापर्यंत आलो होतो. आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे, पण लढायांबद्दल नाही. आजचा विषय आहे एक कागद. अरबीत त्याला 'तस्रीह' म्हणतात, म्हणजे परवाना. आणि तो जिथे दाखवावा लागतो त्या लष्करी नाक्याला म्हणतात 'हाजिझ'.

आपली साधारण समजूत अशी, की इस्रायलचा ताबा आला आणि त्याच्याबरोबरच नाके आले. तसं झालेलं नाही. युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा लष्करी आदेशाने बंद क्षेत्रं ठरली, हे खरं. पण १९७२ मध्ये तिथल्या लोकांना सरसकट ये-जा करण्याची मुभा मिळाली. अट एकच, रात्री एक ते पहाटे पाच इस्रायलमध्ये थांबायचं नाही. गाझाचा गवंडी सकाळी तेल अवीवला कामावर जायचा आणि संध्याकाळी घरी परतायचा. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला, तेव्हा असे लाखभर लोक रोज जात होते. यात औदार्य फारसं नव्हतं बरं का! इस्रायलला स्वस्त मजूर हवे होते आणि पॅलेस्टिनींना रोजगार.

मग हे बदललं कधी? जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी. सरसकट मुभा रद्द झाली आणि प्रत्येकाने स्वतःचा वेगळा परवाना काढायचा असं ठरलं. मार्च १९९३ मध्ये इस्रायली नागरिकांवर चाकूहल्ले वाढले, तेव्हा सगळा प्रदेश बंद करण्यात आला आणि नाके कायमचे झाले. आता तारखा बघा. वॉशिंग्टनला राबिन आणि अराफत यांनी हात मिळवले ते सप्टेंबर १९९३ मध्ये. म्हणजे नाके कराराच्या आधीचे आहेत, आणि करारानंतरही ते गेले नाहीत. उलट १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकचे 'अ', 'ब' आणि 'क' असे भाग पडले. सुमारे ६० टक्के जमीन 'क' मध्ये, पूर्णपणे इस्रायलच्या हातात. एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या गावात जायचं तर बहुतेक वेळा ही जमीन ओलांडावी लागते.

या सगळ्यात नियम आणि अपवाद यांची अदलाबदल झाली. १९९१ च्या आधी माणूस जाऊ शकत होता आणि कुणाला अडवायचं तर सरकारला कारण लागत होतं. त्यानंतर प्रत्येक माणूस अडवलेलाच धरला गेला. जायचं असेल तर कारण त्याने द्यायचं.

यावर इस्रायलचं उत्तर असतं सुरक्षेचं. ते उडवून लावण्यासारखं नाही. २००० नंतरच्या दुसऱ्या इंतिफादात बसगाड्यांत, उपाहारगृहांत आत्मघाती स्फोट झाले, शेकडो नागरिक मारले गेले. पण नुसती सुरक्षा हवी होती तर नाके सीमेवर पुरले असते. २००२ पासून जी भिंत बांधायला घेतली, तिचा आखलेला सुमारे ८५ टक्के मार्ग वेस्ट बँकच्या आतून जातो. भिंत आणि १९४९ ची हिरवी रेषा यांच्यामध्ये ज्यांची शेती अडकली, त्यांना स्वतःच्याच रानात जायला परवाना लागतो. कित्येक फाटकं तर फक्त ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत उघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०२३ च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये ये-जा अडवणारे ६४५ अडथळे होते. २०२५ च्या सुरुवातीला ते ८४९ झाले. यात नाके, रस्त्यावरची फाटकं, मातीचे ढिगारे सगळं आलं.

आता उशिराकडे येऊ. आपल्याला वाटतं, उशीर म्हणजे सरकारी ढिलाई. एक आकडा सांगतो. २०१७ मध्ये गाझातल्या रुग्णांनी उपचारासाठी बाहेर जायला २५ हजारांहून जास्त अर्ज केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे वेळेत मंजूर झाले ५४ टक्के. सरळ नकार किती, तर तीन टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ४० टक्क्यांहून अधिक अर्जांना रुग्णालयाच्या तारखेपर्यंत उत्तरच आलं नाही. नकार दिला तर निदान तो कागदावर येतो, त्यावर दाद मागता येते. उत्तरच नसेल तर माणूस कशाविरुद्ध दाद मागणार?

कामगारांचीही हीच गत. परवाना मिळायला वय बघतात, लग्न झालंय का बघतात, मुदत काही महिन्यांची. 'सुरक्षेच्या कारणास्तव मनाई' असा शिक्का बसला तर कारण बहुधा सांगत नाहीत. बरीच वर्षं परवाना मालकाच्या नावाला बांधलेला होता, म्हणून दलालांचा धंदा उभा राहिला. महिन्याला दोन हजार शेकेलच्या वर मोजून लोक परवाने विकत घेत. आणि एवढं करून बेथलेहेमच्या किंवा कलंदियाच्या नाक्यावर पहाटे तीन-चारपासून लोखंडी पिंजऱ्यात ताटकळायचं, कारण काम सुरू होतं सकाळी सातला. २०१९ मध्ये तिथे यांत्रिक फाटकं बसली, रांग पुष्कळ आखूड झाली. परवाना मात्र तसाच राहिला. रांग हे दिसणारं टोक आहे, म्हणून छायाचित्रं रांगेची निघतात.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यानंतर युद्ध सुरू झालं आणि दीड लाखाच्या आसपास कामगारांचे परवाने जवळजवळ एका फटक्यात थांबले. त्यांच्या जागी माणसं हवी म्हणून इस्रायलने भारतात भरती केली. २०२४ मध्ये तिची एक फेरी आपल्या पुण्यातही झाली. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या पोरांना मी दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण ती जागा रिकामी कशी झाली, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल तर ते आपण सांगायला हवं.

पुढच्या वेळी पूर्व जेरुसलेमच्या ओळखपत्राबद्दल बोलू, कारण तिथला इतिहास आणखी वेगळा आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.