उल्हासच्या मुखावरची वसई

खरवईच्या पश्चिमेस, बदलापूर गांवाला लागून, उल्हास नदी वाहते. पावसाळ्यांत तिला पूर आला म्हणजे तेवढी तिची आठवण होते. एरवीं नित्य दृष्टीस पडणाऱ्या वस्तूविषयीं मनुष्यास जितकें कुतूहल असतें, तितकेंच आपणांस तिच्याविषयीं आहे. परंतु ही नदी सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूस उगम पावून, कर्जत, बदलापूर व कल्याण या गांवांवरून उतरत, शेवटीं वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. आणि त्या मुखाशीं एकेकाळीं पश्चिम किनाऱ्यावरील एक वैभवशाली नगर उभें होतें. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत त्या नगराचें दर्शन वाचकांस घडवावें, असें आम्हांस वाटतें. महोत्सव म्हणजे गेलेल्या वर्षांचा हिशेब. किती वर्षें गेलीं हें मोजणें सोपें आहे. तीं मागें काय ठेवून गेलीं, हें शिकावयास मात्र वसईसारखी दुसरी शाळा नाहीं.

नदीच्या या वाटेनें जातांना प्रथम कल्याण लागतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनाच्या ग्रंथांत या बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांनीं केलेल्या दानांचे लेख आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमून आलेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे. तें स्थळ म्हणजे आपलें कल्याणच, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. पुढें ठाणें लागतें. तेथें एप्रिल १३२१ मध्यें टोलेंटिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती धर्मासाठीं मृत्यु पावले. जॉर्डेनस या डॉमिनिकन संन्याशांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. हेच जॉर्डेनस १३२९ मध्यें मलबार किनाऱ्यावरील कोल्लमचे बिशप नेमले गेले. सोपारा तर त्याहूनही प्राचीन. सम्राट् अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा तेथें १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. तेव्हां ख्रिस्ताचें नांव या खाडीच्या कांठीं प्रथम पोर्तुगीज तोफांबरोबर आलें, ही समजूत बरोबर नाहीं, हें वसईंत पाऊल ठेवण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई व तिच्याबरोबर साष्टी, मुंबई हीं बेटें पोर्तुगीजांचा गव्हर्नर नूनो द कुन्हा याच्या स्वाधीन केलीं. त्यानंतर येथें दगडी तट उठला. तीन बाजूंस पाणी व एका बाजूस जमीन, अशी ही जागा. तटाच्या आंत राजवाडे, न्यायकचेरी, रुग्णालय, मठ व देवळें यांनीं भरलेलें शहर वसलें, आणि पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील सर्व मुलुखाचा कारभार येथून चालूं लागला. वसईस जहाजें बांधलीं जात. वसईचा दगड गोव्याच्या देवळांसाठीं समुद्रमार्गें जाई. मे १६१८ मध्यें एका भयंकर वादळानें या शहराची दुर्दशा केली. १६७४ मध्यें मस्कतच्या अरबांनीं उतरून तटाबाहेरचीं देवळें लुटलीं. इतके आघात सोसूनही नगर उभें राहिलें.

आज तेथें जाणें अवघड नाहीं. बदलापुराहून दिव्यास गाडी बदलून वसई रोड गांठावें, व तेथून बसनें किल्ल्यापर्यंत जावें. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहे. भूदरवाजानें आंत शिरून समुद्रदरवाजाकडे चालत जावें, म्हणजे सारें शहर उभें छेदलें जातें. समुद्रदरवाजाजवळ संत जोसेफ यांचें मुख्य मंदिर आहे. त्याचा उंच मनोरा अद्याप उभा असून, १६०१ मध्यें आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत तें पुनः बांधल्याचा लेख तेथें आहे. याच आर्चबिशपांनीं दोन वर्षें आधीं, १५९९ मध्यें, कोचीनजवळ उदयंपेरूर येथें मलबारच्या ख्रिस्ती लोकांची प्रसिद्ध धर्मसभा भरविली होती. त्यावरून गोवा, कोचीन व वसई हीं तीन नगरें एकाच सूत्रांत कशीं ओंवलेलीं होतीं हें दिसून येईल. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांत जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत; त्यांवरील सरदारांचीं नांवें वाचतां वाचतां मनुष्य आपोआप हळू बोलूं लागतो. डॉमिनिकनांच्या मंदिराच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर आकाशाचें आहे. जेझुइटांचें येशूच्या पवित्र नांवाचें मंदिर मात्र अद्याप ओस पडलेलें नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ मध्यें व पुनः १५४८ मध्यें वसईस आले होते, आणि त्याच सुमारास त्यांच्या संघाच्या या कार्याचा पाया येथें घातला गेला.

याच वसईंत सुमारें १५५७ मध्यें गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथली. जेझुइटांपाशीं शिक्षण घेऊन ते तरुणपणीं जपानला गेले. पुढें मकाव येथें त्यांनीं व्यापार केला, आणि अखेर सर्व सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून शिरले. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळें ते संन्याशांचे दुभाषी होऊन पुनः जपानला गेले, व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें आणखी पंचवीस जणांसह क्रूसावर मृत्यु पावले. १६२७ मध्यें त्यांना धन्यपद व ८ जून १८६२ रोजीं संतपद मिळालें. ज्या शहराचे सेनापति व सुभेदार आज कोणाला आठवत नाहींत, त्याच शहराच्या या दुभाष्याचा सण त्या पडक्या तटांत दरवर्षीं भरतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पोर्तुगीजांचें राज्य म्हणजे केवळ भक्तीचें राज्य नव्हतें. त्यांनीं हिंदूंचीं देवळें मोडलीं, त्यांच्या पूजेअर्चेवर बंधनें घातलीं, आणि त्यामुळें लोकांच्या मनांत सल राहिला. राज्याची तलवार व धर्माचा क्रूस एकाच हातांत गेल्यानें जें होतें, तें येथेंही झालें. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, आणि १७३९ मध्यें बाजीरावांचे बंधु चिमाजीअप्पा यांनीं वसईस निकराचा वेढा दिला. सुरुंग लागले, तट फुटला. मराठ्यांचे हजारों लोक पडले आणि किल्ल्याचा मुख्य अधिकारी सिल्व्हैरा हाही कामास आला. मे १७३९ मध्यें तह झाला. पराभूतांस मानानें बाहेर जाऊं दिलें, आणि जे मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक तहानेंच दिली गेली. विजयाच्या क्षणीं दाखविलेला हा संयम चिमाजीअप्पांच्या शौर्याहून कमी मोलाचा नाहीं.

वसईच्या देवळांतील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलुखांत नेल्या गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत जी मोठी घंटा आहे, तिजवर १७२१ हें साल आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावरील घंटेवर १७०७ आहे. 'नारोशंकराची घंटा' हा वाक्प्रचार आपण मोठ्या आवाजाच्या माणसास सहज लावतों. ती घंटा कोठून आली हें बोलणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतें. याचा विषाद मानावा असें आम्हांस वाटत नाहीं. प्रार्थनेसाठीं ओतलेली घंटा तेथेंही प्रार्थनेच्याच वेळीं वाजत आली.

वसईचा खरा चमत्कार यापुढें आहे. दोनशें पांच वर्षांचें राज्य एका आठवड्यांत जहाजांत बसून निघून गेलें. सरदार गेले, परदेशी संन्यासी गेले. पुढें १७८० मध्यें इंग्रज आले, १७८३ मध्यें त्यांनीं वसई परत दिली, आणि १८१८ मध्यें ती कायमची घेतली. शहर ओस पडून छपरें कोसळलीं. परंतु तटाबाहेरचा शेतकरी, बागाईतदार व कोळी कोठेंच गेला नाहीं. पापडी, रमेदी, सांडोर, माणिकपूर, नंदाखाल, आगाशी येथील धर्मग्राम गोव्याकडील देशी धर्मगुरूंच्या आधारानें टिकून राहिले. १७६० च्या सुमारास आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच प्रवासी ठाण्यास आला, तेव्हां मराठ्यांच्या अमलांत हजारों ख्रिस्ती लोक उघडपणें सण साजरा करीत असलेले त्यानें पाहिले. ज्या राज्यकर्त्यांच्या नांवावर ही श्रद्धा उभी आहे असें वाटत होतें, ते गेल्यावर ती त्यांच्यावर उभी नव्हतीच, हें सिद्ध झालें.

आणि ती कोणत्या भाषेंत टिकली? मराठींत. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें गोव्यांत मराठी ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापविलें, त्या वृत्तीचाच वारसा वसईनें चालविला. कोणी सामवेदी बोली बोलतो, कोणी वाडवळी, कोणी कोळी. तांबडें लुगडें, बागेंतलीं केळीं व त्यांचीं केलेलीं सुकेळी, लग्नांतलीं गाणीं, हें सर्व मातीचेंच आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्यें ते परलोकवासी झाले. मे १९९८ मध्यें वसईस स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तटाच्या आंतलें नगर मेलें, बाहेरचें गांव वाढलें.

तेव्हां वाचकहो, सवड काढून मुलांबाळांसह एकदां वसईस जा. सकाळच्या वेळीं जा, पाणी बरोबर घ्या, आणि त्या जुन्या भिंतींवर आपलें नांव कोरूं नका. तेथें कोरलेलीं थोरांचीं नांवेंसुद्धां वाचणारा आज विरळा आहे. परततांना किल्लाबंदर किंवा पाचूबंदर येथील कोळीवाड्यांतून या. तेथें जाळीं विणणाऱ्या आजीला 'सण कधीं असतो?' असें विचारा, म्हणजे कोणत्याही शिलालेखाहून ताजें उत्तर मिळेल. आपल्या उल्हासचें पाणी अखेर त्याच खाडीला मिळतें. आपल्या धर्मग्रामाचेही पुढील महोत्सव केवळ दगडविटांनीं मोजले न जातां, शेजाऱ्याशीं राखलेल्या स्नेहानें व मुलांस दिलेल्या शिकवणीनें मोजले जावोत, हीच आमची प्रभुचरणीं विनंति.