खाला, गहू आणि कोरा चेहरा

स्टुडिओत काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञांच्या चेहऱ्यावर आत्ता कोणताच भाव नाही. मुशायऱ्यात, कविसंमेलनात समोरचे चेहरे वाचायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला एवढ्यानेही धास्ती वाटते. माझ्या मावसभावाचं मात्र उभं आयुष्य अशा धास्तीत गेलं. 1980 च्या दशकातली गोष्ट. मिरजेच्या घरी खाला ओसरीवर गहू निवडत बसलेली असायची. तो दारातच थबकून विचारायचा, "अम्मी, माझी किळस येते का तुला?" ती बिचारी सुपातले खडे शोधत असे. आम्ही त्याला कृतघ्न म्हणायचो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. त्या प्रश्नाबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्यांना तरी दोष कसा द्यावा? हा शब्द झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये दिला. त्यांनी, आणि त्यांच्याआधी एमिल क्रेपेलिन यांनी, रुग्णाच्या भावना बोथट झाल्याचं बारकाईने नोंदवलं. रुग्णाला आपला चेहरा कसा दिसतो, हा उलटा प्रश्न पुष्कळ उशिरा आला.

खरं तर वाट आधीच दाखवलेली होती. फ्रान्समधल्या ड्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन काढलेली छायाचित्रं 1862 मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली काही डार्विन यांनी वीसहून अधिक माणसांना, काही न सांगता, दाखवली. काही भाव जवळपास सर्वांनी ओळखले. काहींवर एकमत होईना. म्हणजे निरोगी माणसंही गोंधळतात, हे 1872 च्या त्यांच्या पुस्तकातच आहे! पुढे एकमन आणि फ्रीझन यांनी 1976 मध्ये 110 छायाचित्रांचा संच केला. असे संच मग रुग्णांपुढे ठेवले जाऊ लागले.

2003 मध्ये अमेरिकेतल्या कोहलर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की भाव नसलेला चेहरा ओळखताना रुग्ण चुकले तर त्यांना तिथे किळस अधिक वेळा दिसते. तो शब्द वाचून मी कागद खाली ठेवला.

बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये 'ट्रेंड्स' नावाची चाचणी मांडली, भारतीय चेहऱ्यांची. बरं झालं. परमुलखातले चेहरे दाखवून आपल्या माणसाला नापास करण्यात काय हशील?

खाला 2004 मध्ये गेली. शेवटची काही वर्षं तिने एक सवय लावून घेतली होती. तो दारात दिसला की सूप बाजूला ठेवून ती म्हणायची, "ये बेटा, रागावले नाही मी. गहू निवडतेय." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.